पाटीवरचं नाव

मी मुरबाडकडच्या बौद्धवाड्यातला. नोकरी लागली शहापूर तालुक्यात, कृषी सहायकाची. वाड्यातली पोरं म्हणायची, आपला माणूस साहेब झाला. साहेब कसला! पाय चिखलात, हातात दोरी, पिशवीत युरिया-डीएपीच्या गोळ्या.

त्या पावसाळ्यात चारसूत्री भाताचं प्रात्यक्षिक होतं. ही पद्धत डॉ. नारायण सावंतांची. तुसाची राख राबात घालायची. खाचरात गिरीपुष्पाचा पाला गाडायचा. दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटर असं आलटून-पालटून अंतर धरून चूड लावायचे. मग जवळच्या चार चुडांच्या मधोमध एक गोळी चिखलात खोल दाबायची. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही, कमी लागतं. पद्धत चांगलीच आहे.

पण खाचर कुणाचं? ज्याचा सातबारा त्याचं. मालक छत्री घेऊन बांधावर. चिखलात वाकलेल्या बाया बौद्धवाड्यातल्या नि कातकरी वाडीतल्या. मी एकदाच दाखवलं. दुसऱ्या ओळीपासून त्यांचे हात माझ्यापेक्षा सरळ चालले.

दुपारी पाणी आलं. बायांना वरून ओंजळीत, मला पेल्यातून. सकाळी मालकांनी नाव विचारलं तेव्हा मी आडनाव गिळलं होतं. पेला घेतला, पाणी प्यालो. गप्प बसलो.

शेवटी पाटी ठोकली. पाटीवर मालकाचं नाव. आपल्या वाड्यातली एक म्हातारी जवळ आली. हळूच म्हणाली, "भाऊ, तू आपल्यातलाच ना रं? मंग ही गोळी आमी कुठं दाबायची? आमाला खाचरच न्हाई."

माझ्या फॉर्मात या प्रश्नाला रकाना नव्हता.

मित्रांनो, बाबासाहेबांनी 1918 सालीच लहान शेतीवर लिहिताना सांगितलं, नुसते तुकडे जोडून भागणार नाही, जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगाकडे वळवा. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्यांच्याच नावाने 2004 साली योजना निघाली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत. कातकऱ्यांसाठी 2006 चा वनहक्क कायदा आहे. कागद झाले. अर्ज घेऊन तालुक्याला ठाण मांडणारे आपण किती?

जयंतीची मिरवणूक काढा, जरूर काढा. दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीचा अर्ज भरा. गोळी कशी दाबायची ते तिला येतं. आणि तुमच्यापुढे असा पेला आला तर आधी आडनाव सांगा. मी नाही सांगितलं.