गमबुटांचे आयुष्य

पाणबदकांच्या शिकारीसाठी छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढवून तळ्यात उतरण्याचा शौक आपल्या देशी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपुष्टात आणला. चिखल मात्र कोणत्याच कायद्यास जुमानत नाही! खानापूर तालुक्यातील आमच्या गुंजीत भातलावणीस खाचरात उतरणाऱ्यास आज तेच रबर गमबुटाच्या रूपाने हवे असते, आणि ते शौकाखातर नव्हे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या जखमांवाटे शरीरात शिरतात. हा ताप प्रसंगी जीवही घेतो.

बूट बहुधा घोट्यापाशी फुटतो, कारण चालताना तो तेथेच दुमडतो. म्हणून विकत घेतेवेळी तेथे वाकवून पाहावे. बारीक चिरा दिसल्यास स्वस्ताईस भुलू नये. तळव्याच्या सांध्यावरूनही बोट फिरवावे.

तथापि बुटाचे खरे आयुष्य दुकानात नव्हे, घरी ठरते. ओले बूट चुलीशेजारी किंवा उन्हात वाळविण्याची आपली रीत रबराच्या मुळावर येते. ऊन व धग यांनी ते चिरते. माउलीच्या देवळापाशी बूट उतरवितानाही आम्ही सावलीचा कोपरा शोधतो. भाविक हसतात, हसोत बापडे! चिखल धुऊन, आत जुने वर्तमानपत्र कोंबून, न दुमडता ते सावलीत ठेवावेत. मृग निघण्यापूर्वी एकदा आत पाणी भरून पाहावे. थेंबभर जरी झिरपले, तरी ती जोडी खाचरात नेऊ नये.