टिटवाळ्याच्या खाचरात दुकाने

टिटवाळ्याला जाणारा मुंबईकर बहुधा अंगारकीचा. लोकल कल्याण सोडते, शहाड, आंबिवली मागे पडतात आणि डब्यातली मंडळी पिशव्या सावरू लागतात. दर्शन, तळ्याकाठी घटकाभर बसणे, येताना पेढे. झाला टिटवाळा पाहून! आम्ही म्हणतो, एकदा देवळाची वाट सोडून, भाताची खाचरे बुजवून दुकानांचे गाळे उठत आहेत तिकडेही वळावे.

तसा इथला देवही मातीकामातूनच वर आला. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात दुष्काळ पडला, पाण्यासाठी तळ्यातला गाळ उपसला आणि त्यात गजाननाची मूर्ती सापडली, अशी कथा सांगतात. रेल्वेचे रूळ इथून गेले १८५५ साली, कल्याण-वाशिंद मार्ग झाला तेव्हा. पुढे मुंबईत जागा न परवडणारी कुटुंबे आली आणि त्यांच्यामागून वाणी, औषधवाला, मोबाइलवाला.

आपल्याला बाजार दिसतो तो पाट्या आणि शटरे लागल्यावर. खरे काम त्याआधीचे. खाचराची माती चिकट; पाऊस प्याली की फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून वरची माती काढायची, मुरूम आणायचा, वीतभर थर पसरून पाणी मारायचे, रोलर फिरवायचा आणि मगच पुढचा थर. घाईचा बिल्डर सारा भराव एकदम ओततो. पावसाळ्यात तो खचतो, फरशी कलते, शटर अडकू लागते आणि दुकानदार बिचारा त्याला तेल घालत बसतो!

पण सर्वांत नाजूक बाब पाण्याची. एकरभर जागेवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होते चार लाख लिटर; दहा हजार लिटरचे चाळीस टँकर! ठाणे जिल्ह्याच्या पावसाळ्यात असा दिवस नवलाचा नाही. खाचर हे पाणी बांधाआड धरून सावकाश जिरवी. काँक्रीटचे आवार ते लगोलग बाहेर ढकलते. जागा हातभर उंच केली की दुकाने कोरडी राहतात, पाणी शिरते शेजारच्या जुन्या चाळीच्या उंबऱ्यात. त्यातून काळू नदी फुगलेली असली म्हणजे नाल्याचे पाणीही तुंबते. २६ जुलै २००५ चा पूर कल्याणकर अजून विसरलेले नाहीत. पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाचे पाणी जिरवण्याची सोय आता नियमानेच करावी लागते, हे ठीक झाले. मात्र शोषखड्डा नकाशात असतो तसा आवारातही असावा आणि गटार कुंपणाशी न थांबता नाल्यापर्यंत जावे. गाळा घेणाऱ्याने गुळगुळीत माहितीपत्रकावर न जाता ऐन आषाढात छत्री घेऊन जागा पाहावी.

देवळाच्या वाटेवर दुर्वांच्या जुड्या बांधणाऱ्या एका बाईंना आम्ही सहज विचारले, “मावशी, नव्या इमारतीत गाळा घेणार का?”

“मला कुठला गाळा, दादा? आणि वरच्या मजल्यावर दिलाच कुणी, तर दुर्वा घ्यायला जिना कोण चढणार?”

नकाशा काढणाऱ्याने तळमजल्यापुढे एक रुंद ओटा, त्यावर छप्पर आणि कडेला एक नळ एवढे दाखवले तरी मावशींचे भागेल. अंगारकीला पहाटेपासून रांग लागते, तेव्हा ती सावली गिऱ्हाइकालाही हवीच असते.