शेवंडीच्या डिंभांचा प्रवास

शेवंड खडकाच्या कपारीत राहते. तिचे आयुष्य मात्र तळापासून दूर, मोकळ्या पाण्यात सुरू होते. मादी अंडी पोटाखाली चिकटवून काही आठवडे सांभाळते. त्यांतून निघणारा फायलोसोमा हा डिंभ पानासारखा चपटा, पारदर्शक आणि लांब पायांचा असतो. प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ त्याच्यात नाही, पण वर-खाली तो जाऊ शकतो. एवढ्या क्षमतेवर तो समुद्र पार करतो, हे खरोखर थक्क करणारे आहे.

अंधार पडू लागला की डिंभ पृष्ठाकडे येतात, उजाडताना खाली उतरतात. नजरेने शिकार करणारे मासे त्यामुळे टळतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शेवंडीवर याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. तिथे मोठे डिंभ चांदण्या रात्री पृष्ठ टाळतात. म्हणून दिवसा वरच्या पाण्यात ओढलेले जाळे रिकामे आले, तरी तिथे डिंभ नाहीत असे म्हणू नये. वेळ, खोली आणि तिथी यांची नोंद नसलेला नमुना फारसा उपयोगाचा नाही.

खोली बदलली की प्रवाहही बदलतो. ऑस्ट्रेलियात लहान डिंभ रात्री वर असताना वाऱ्याने खोल समुद्राकडे जातात. वाढलेले डिंभ खालच्या प्रवाहांतून किनाऱ्याकडे परततात. या फेरीला नऊ ते अकरा महिने लागतात. अखेर प्यूरुलस ही काही न खाणारी अवस्था पोहत उथळ पाण्यात येते, बहुधा अमावास्येच्या सुमारास.

आपल्याकडे ऋतूचा हात अधिक ठळक आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात कोकणातील मुरुडसमोरचा किनारी प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. हिवाळ्यात तो उत्तरेकडे वळतो. अंडी केव्हा फुटली, यावर डिंभ कुठल्या दिशेला जाणार हे बरेचसे अवलंबून असते.

वाळूत राहणाऱ्या चपट्या शेवंडीची गोष्ट वेगळी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिचे डिंभ प्रयोगशाळेत वाढवले, तेव्हा ही अवस्था साधारण महिनाभरात संपली. इतक्या थोड्या काळात ते फार दूर जाण्याची शक्यता कमी, त्यामुळे तिथलीच मादी तिथला साठा टिकवते. मुंबईच्या पाण्यात ट्रॉलरच्या जाळ्यांनी ही शेवंड बेसुमार पकडली गेली आणि 1990 च्या दशकात तिची मासेमारी कोलमडली. 2003 पासून ठरावीक वजनापेक्षा लहान शेवंडीच्या निर्यातीला मनाई आहे. पण नियम बंदरावर लागू होतो, अंडीधारी मादी जाळ्यात मरते. अंडी दिसताच तिला जिवंत पाण्यात सोडावे, हे नाखवा आणि खलाशांनी जाळे ओढतानाच ठरवायला हवे.