पानाचे मोल

रायपूरच्या माझ्या तात्पुरत्या बिऱ्हाडी सावंतवाडीची दशावतारी गंजिफा सोबत आली आहे: १० रंग, प्रत्येकी १२, एकूण १२० गोल पाने. मत्स्य, कूर्म, वराह ही प्राणिरूपे मोहक खरी. पण डाव मोहाने जिंकता येत नाही. राजा आणि प्रधान सर्वत्र वरचढ; त्यांच्याखाली निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का. वरची पाने पडण्याआधी आपले पान उतरले तर ते जाते. फार राखले तर उतारीच हातून निसटते. साहित्याच्या तौलनिक अभ्यासातही हेच. एका परंपरेत हलका ठरलेला एक्का दुसरीत भारी असतो. तिचा क्रम जाणून न घेता निवाडा दिला, तर हरतो तो समीक्षकच.