दारूगोळा मोजणाऱ्या लढाया

तंजावरच्या जुन्या कोटाच्या पूर्व बाजूला बीरंगी मेडू नावाचा उंचवटा आहे. तिथे राजगोपाल तोफ आजही उघड्यावर पडून आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, रघुनाथ नायकाच्या काळातली ही तोफ सुमारे साडेसात मीटर लांब आणि वीस टनांहून जड आहे. ती ओतलेली नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या जुळवून, त्यांवर तापवलेली कडी चढवून, ठोकून ती घडवली आहे. असली तोफ एकदा बसवली की बसवली. शत्रू दुसऱ्या दरवाजाकडे सरकला म्हणून ती त्याच्यामागे धावणार नाही.

संगणकावरच्या युद्धाचे खेळ वर्षानुवर्षे खेळणाऱ्याने या तोफेपाशी थोडा वेळ जरूर काढावा. ‘लढाई अगदी खरी वाटेल असा रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम सुचवा’ असे तरुण मुले विचारतात, तेव्हा बहुतेक जण चित्रांवरून उत्तर देतात: धूर किती दाट, चिलखत किती चकचकीत, ग्राफिक्स कार्ड किती तापते. जाणत्या खेळाडूचे प्रश्न वेगळे असतात. गोळा खरोखर हवेतून जातो का, की आकडा टाकून निकाल लागतो? दारूगोळा संपतो का? आणि शिपाई घाबरतो का?

या प्रश्नांचे मोल तंजावरला १७५८ साली चांगलेच कळले. भोसले घराण्याचे प्रतापसिंह तेव्हा गादीवर होते. छप्पन्न लाख रुपयांच्या एका जुन्या कर्जरोख्याची वसुली करायची म्हणून फ्रेंच सेनापती लाली शहरावर चालून आला. त्याच्याकडे कवायती फौज होती, तोफा होत्या, तट फोडण्याची विद्या होती. नव्हती ती रसद. तोफांना दारूगोळा पुरेना, माणसांना धान्य मिळेना. ऑगस्टच्या सुरुवातीला किनाऱ्याजवळच्या लढाईत इंग्रज आरमारापुढे फ्रेंच जहाजांची पीछेहाट झाली आणि लालीची पाठ उघडी पडली. त्याने वेढा उठवला. फ्रेंचांच्या कारिकाल ठाण्याकडे परतणाऱ्या त्याच्या उपाशी फौजेला तंजावरच्या स्वारांनी वाटेत सुखाने चालू दिले नाही. हे शहर तेव्हा वाचले त्यात शौर्याचा वाटा होताच, पण शत्रूच्या रिकाम्या कोठाराचा वाटाही मोठा होता.

मराठी खेळाडूच्या तोंडी पहिले नाव येते ते ‘एम्पायर: टोटल वॉर’चे. क्रिएटिव्ह असेंब्लीने २००९ मध्ये काढलेल्या या खेळात मराठ्यांचे राज्य निवडून १७०० पासून डाव मांडता येतो. नकाशावरचा कारभार पाळीपाळीने चालतो, लढाई मात्र रिअल-टाइममध्ये. गोळा जमिनीवर आपटून उसळतो आणि पुढची रांग भेदत जातो. आपलीच पलटण तोफेच्या माऱ्यात आली तर आपलीच माणसे पडतात. दमलेले, बगलेवर मार खाल्लेले शिपाई हुकमाची वाट न पाहता पळ काढतात. मैदानी लढाईसाठी हा खेळ बिनधास्त सुचवावा. वेढ्यासाठी नाही. तटापाशी संगणकाची बुद्धी तोकडी पडते, आणि त्याहून मोठी उणीव म्हणजे तिथे आतल्यांचेच दिवस भरत येतात, बाहेरचे कधी उपाशी मरत नाहीत. लालीची गोष्ट त्या खेळात घडूच शकत नाही.

ती घडते ‘मेन ऑफ वॉर’मध्ये. २००९ सालचाच हा खेळ युक्रेनच्या बेस्ट वे या स्टुडिओचा, विषय दुसरे महायुद्ध. इथे प्रत्येक शिपायाजवळ काय आहे ते उघडून पाहता येते: काडतुसे किती, हातबॉम्ब किती, मलमपट्टी आहे की नाही. तोफ धडधाकट आहे, गोलंदाज जागेवर आहेत, पण गोळे दोनच उरले. समोर रणगाडा. त्याचे पुढचे पोलाद जाड आणि तिरके, तिथे गोळा घसरून जाणार. म्हणून तो कूस दाखवीपर्यंत कळ काढायची. मधल्या वेळात एकाला सरपटत पाठवून जळालेल्या वाहनातून त्याच मापाचे गोळे सापडतात का ते बघायचे. सापडले आणि तो परतलाही, तर पुढची दहा मिनिटे तुमची. इतका ताण दुसरा कुठलाही खेळ देत नाही.

‘कंपनी ऑफ हीरोज’ २००६ चा. भिंती ढासळतात, तोफगोळ्याच्या खड्ड्यात माणसे आडोसा घेतात, मशीनगनचा मारा सुरू झाला की तुकडी जमिनीला चिकटते. देखणा खेळ आहे. पण बंदुकीची गोळी लागली की नाही हे तिथे टक्केवारीच ठरवते, हे आधी सांगून मगच तो सुचवावा. माणसाच्या मनाचा हिशेब १९९६ च्या ‘क्लोज कॉम्बॅट’ने फार आधी मांडला होता, घाबरलेला शिपाई तिथे हुकूम पाळत नाही. चित्रे आज जुनाट वाटतील, विचार वाटत नाही. ख्रिस टेलरच्या १९९७ च्या ‘टोटल अॅनिहिलेशन’मध्ये यंत्रमानव लढतात, पण गोळा खरोखर उडतो, मध्ये टेकडी आली तर तिच्यावर आदळतो. भौतिकशास्त्राच्या बाबतीत हा काल्पनिक खेळ कित्येक ‘ऐतिहासिक’ खेळांपेक्षा प्रामाणिक आहे.

तंजावरकडे वळायचे तर ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या २०२२ मधल्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या पुरवणीत राजेंद्र चोळाची मोहीम आहे. इथल्या चोळकालीन बृहदीश्वर मंदिराच्या सावलीत वाढलेल्या मुलांना तिचे अप्रूप वाटणारच. तिथे बाण खरोखर उडतात, चपळ खेळाडू ते चुकवूही शकतो. पण बाणांचे भाते कधी रिते होत नाहीत आणि शेवटचा शिपाईसुद्धा भीत नाही. तो खेळ चपळाईचा आहे, वास्तवाचा नाही. आवडीने खेळावा, पण वास्तवाच्या नावाखाली कुणाच्या गळ्यात मारू नये.

सुचवणाऱ्याने म्हणून आधी विचारून घ्यावे: मोठी फौज हाकायची आहे की मूठभर माणसे जगवायची आहेत? फौज हवी असेल तर ‘एम्पायर’ घ्या आणि मराठ्यांच्या बाजूने खेळा. मूठभर माणसे हवी असतील तर ‘मेन ऑफ वॉर’ला पर्याय नाही. खिशाला चाट नको असेल तर ‘टोटल अॅनिहिलेशन’च्या वळणाचा ‘बियॉन्ड ऑल रीझन’ फुकट मिळतो, आणि त्यातही गोळा टेकडीला अडतो.