कोरडं, पण किती?

भिलाईतल्या आमच्या रुआबांधा वसाहतीच्या मागून जाणाऱ्या नाल्याला आमच्या घरी नाव नव्हतं. घरकामाला येणाऱ्या दीदी त्याला ‘नरवा’ म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. निवृत्तीनंतर मी त्याच्या नोंदींची वही सुरू केली: तारीख, जागा, पाण्याची अवस्था. झुरिक विद्यापीठाच्या ‘क्राउडवॉटर’ उपक्रमात अशा आटणाऱ्या नाल्यांसाठी सहा अवस्था दिल्या आहेत: कोरडं पात्र, ओलं पात्र, सुटी डबकी, साचलेलं पाणी, बारीक धार, वाहतं पाणी. उपकरण लागत नाही, डोळे पुरतात.

शिवनाथसारख्या मोठ्या नदीवर केंद्रीय जल आयोगाची मोजणी चालते. नरव्याकडे कोण बघतं? 2021 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार जगातल्या नद्या-ओढ्यांच्या एकूण लांबीपैकी 51 ते 60 टक्के भागात वर्षातून निदान एक दिवस तरी पाणी वाहत नाही. म्हणजे आटणं ही अपवादाची गोष्ट नाही, आणि ‘आज कोरडा’ हीसुद्धा पूर्ण नोंद आहे.

मी दोन जागा धरल्या, एक वरची शेताकडची आणि एक खालची, वसाहतीची गटारं मिळतात तिथली. वर हरेलीला, म्हणजे ऐन पावसाळ्यात, भरभरून पाणी, दिवाळीनंतर बारीक धार, पुढे डबकी, आणि होळीपर्यंत नुसते दगड. खाली मात्र उन्हाळ्यातल्या ऐन नवतप्यातही पाणी वाहतं! हे नाल्याचं स्वतःचं पाणी नव्हे. तांदुला धरणातून कालव्याने मरोद्याच्या तलावात येतं, तिथून नळाला, आणि आमच्या मोऱ्यांतून नाल्यात. बालोदकडे मागच्या पावसाळ्यात पडलेला पाऊस मे महिन्यात इथे फेसाळत जातो. एखादा पाहणी करणारा खालच्याच पुलावर थांबला, तर कागदावर हा नाला बारमाही ठरेल. याची मला खरंच काळजी वाटते.

2019 च्या सुमारास छत्तीसगडमध्ये ‘नरवा, गरुवा, घुरवा, बारी’ योजना आली, नाल्यांवर छोटे बांध घातले गेले. कल्पना मला मनापासून आवडली. पण बांध मोजता येतात. त्यांच्यामुळे धार किती आठवडे जास्त टिकली, हे आधीच्या तारखा असतील तरच कळतं. त्या तारखा कुणीतरी आधीपासून लिहायला हव्या होत्या.

मार्चमध्ये वरच्या जागी गुरं राखणारे एक आजोबा भेटले. “नरवा सुखा गे,” मी म्हटलं. त्यांनी वाळूत खणलेली झिरिया दाखवली. हातभर खाली स्वच्छ पाणी होतं, गुरं तेच पितात. सहा अवस्थांत झिरियाला जागा नाही. मी ‘कोरडं’ लिहिते आणि शेजारी झिरियाची खोली.