दुसऱ्याचं घर दाखवताना

30 मार्च 2025, रविवार. गुढीपाडवा

पाडव्याला येणारी बहुतेक गिऱ्हाइकं घर बघायला येत नाहीत, बयाणा द्यायला येतात. बघून कधीच झालेलं असतं, फक्त मुहूर्त धरून ठेवलेला असतो. तरी परभणीत कारेगाव रोडच्या रो-हाऊसला आज एक जोडपं पहिल्यांदाच आलं. त्या घराचा हॉल गडद वांगी रंगाचा आहे. भाचा दिवाळीपासून माझ्या हाताखाली घरांच्या एजंटाचं काम शिकतोय. त्यानं कुलूप काढलं आणि ताई आत पाय टाकतात न टाकतात तोच म्हणाला, "रंगाचं मनावर घेऊ नका ताई, रंग काय, बदलता येतो."

ताई काही बोलल्या नाहीत. भिंतीवरची नजर मात्र त्यांनी काढून घेतली. मग स्वयंपाकघरात नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "मला तर आवडला होता."

परत येताना भाच्याला सगळं नीट समजावून सांगितलं. रंग बदलता येतो, हे खोटं नाही. पण कुणी न विचारता ते सांगणं म्हणजे रंग वाईट आहे असं सांगणं. ज्या बाईनं तो रंग लावून घेतला तिला तो आवडला होता, आज आलेल्या ताईंनाही आवडला. मधे नावडणारे आपण दोघेच, आणि त्या घरात एक रात्रही न काढणारेही आपण दोघेच. "हॉल तसा लहानच आहे, पण", "किचन जुन्या पद्धतीचं आहे, पण" ही वाक्यंही त्याच जातीची. समोरच्याला जे खटकलेलं नाही ते आपण खटकवून देतो, आणि वर समजतो की आपण प्रामाणिकपणा केला.

3 एप्रिल, गुरुवार

रेडी रेकनरचे नवे दर परवापासून लागू झाले, त्यामुळे दिवसभर फोन तेवढ्यासाठीच. संध्याकाळी एका दक्षिणमुखी घराला पार्टी घेऊन गेलो.

वास्तूवर माझा स्वतःचा विश्वास नाही. खिशात होकायंत्र मात्र कायम ठेवतो. कुणी दिशा विचारली की ते उंबऱ्यावर ठेवून दाखवतो आणि गप्प बसतो. "असलं काही मानू नका" म्हणत नाही, आणि "दक्षिण असली म्हणून काय, अमुक उपाय करता येतो" असंही म्हणत नाही. धंद्यात दोन्ही चालतं. दुसरं तर जास्तच. विकणाऱ्यापुढे दक्षिणेची भीती घालून भाव पाडायचा आणि घेणाऱ्यापुढे त्याच दक्षिणेचा उपाय सांगून भाव चढवायचा. ज्याला ईशान्येला देवघर हवं त्याला ते हवंच आहे. त्याच्या श्रद्धेची परीक्षा घ्यायला त्यानं मला बोलावलेलं नाही.

14 एप्रिल, सोमवार. आंबेडकर जयंती

सकाळपासून शहरात निळे झेंडे. दुपारनंतर मिरवणुका निघणार, म्हणून साईट एकच ठेवली होती. बदलून आलेल्या एक सिस्टर, सोबत त्यांचे वडील. दोन खोल्या भाड्यानं हव्यात, तळमजला हवा, कारण वडिलांचे गुडघे दुखतात.

ज्या घराची किल्ली माझ्याकडे होती त्या मालकांना फोन केला. त्यांनी आधी आडनाव विचारलं. मी म्हटलं, नोकरी सांगतो, पगार सांगतो, माणसं किती ते सांगतो. ते म्हणाले, "तसं नाही हो, आमची आपली एक आवड असते. राहणीमान जुळायला पाहिजे." मी किल्ली परत नेऊन दिली आणि यापुढे तुमचं घर माझ्याकडे नको, असं सांगून आलो.

रंग, दिशा, फरशी, ओटा याला मी आवड म्हणतो. माणूस कोणत्या घरात जन्मला यावरून त्याला खोली नाकारायची, तिथं आवड हा शब्द मी मानत नाही. 1917 साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला गायकवाड सरकारच्या नोकरीवर रुजू झाले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत उतरावं लागलं, आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. आज काठी घेऊन कुणी येत नाही, आज फोनवर आडनाव विचारतात.

आमच्या धंद्यातले लोक तर नाही असंही म्हणत नाहीत. "तिकडं तुम्हाला बरं पडेल, तुमची माणसं आहेत" असं गोड बोलून गाडी दुसऱ्या रस्त्याला वळवतात. मुसलमान कुटुंब असेल तर एका बाजूला, बौद्ध असेल तर दुसऱ्या बाजूला. गिऱ्हाइकाला कळतही नाही की त्याच्या बजेटातली चांगली घरं त्याला दाखवलीच गेली नाहीत. अमेरिकेत 1968 सालच्या फेअर हाउसिंग कायद्यानं एजंटानं असं करणं बेकायदा ठरवलं आहे. आपल्या रेरा कायद्यात तसं कलम नाही. म्हणून मी कागदावर चारच गोष्टी लिहून घेतो, बजेट, खोल्या, मजला, पाणी. त्यात बसणारं जे जे घर हाताशी असेल ते सगळं दाखवतो, मग ते जिंतूर रोडला असो की गंगाखेड रोडला. कोणत्या वस्तीत बरं वाटतं ते राहणारा ठरवील.

सिस्टरना वसमत रोडच्या बाजूला तळमजला मिळाला. वडिलांनी अंगणातला नळ सोडून पाणी येतंय का ते आधी पाहिलं.

24 एप्रिल, गुरुवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

जुन्या परभणीतला माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, वाडा विकायचा आहे. तीन भाऊ, तिघंही बाहेरगावी. हे घर दाखवायला मी भाच्याला पाठवत नाही, स्वतः जातो, कारण मला ते फार आवडतं. मी असल्याच घरात वाढलो. देवडीतून आत शिरलं की बाहेरचं चव्वेचाळीस अंशांचं ऊन एकदम तुटतं. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, सागवानी खांब, त्यांच्याखाली घडीव दगडाचे उथळे, भिंतीत धान्याचं बळद, माळवदाला साणं, आणि त्या साण्यातून ओसरीवर पडलेला उजेडाचा एक चौकोन. तिथं उभं राहिलं की तोंडून आपोआप निघेल, "असं घर आता कोण बांधतो?" मला ते वाक्य दरवेळी गिळावं लागतं, आणि ते सोपं जात नाही.

आज एक बँकेतला मुलगा आईला घेऊन आला होता. त्याला जागा हवी होती, चौकातली. मुलगा फोनवर लांबी-रुंदीचे फोटो काढत पुढे गेला. आई देवडीतच थांबल्या. त्यांनी तळहात भिंतीवर टेकवला, वर पाहिलं आणि मला विचारलं, "भाऊ, माळवद खांबावर हाय का भितीवर?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी विचारलं, "मावशी, गाव कोणतं?" औसा तालुक्यातलं गाव सांगितलं त्यांनी. पुढचं काही विचारायची गरज उरली नाही.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते, चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवकडची 10 हजारांच्या आसपास माणसं गेली. ती मेली ती बहुतेक अशाच भिंतींखाली. मातीत रचलेला गोटा-दगड, आतली आणि बाहेरची अशा दोन कातड्यांची भिंत, दोन्हींना जोडणारा आरपार दगड नाही, आणि वर उन्हाळा सोसण्यासाठी वर्षानुवर्षं चढवत नेलेली माती. हादरा बसला की भिंत दोन्हीकडं फुटते आणि वरचा सगळा भार खाली येतो. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, तिथं भिंती पडल्या तरी काही ठिकाणी छत उभं राहिलं आणि खालची माणसं वाचली. मावशींचा प्रश्न तिथून आला होता.

मी त्यांना जे होतं ते सांगितलं. ओसरी आणि मधला सोपा खांबांवर आहे. मागच्या दोन खोल्यांच्या तुळया एका अंगानं भिंतीत बसवल्या आहेत, तिथं भार भिंतीवर येतो. भिंतीत आरपार दगड आहेत की नाहीत ते बाहेरून दिसत नाही. "आपल्याकडं काही होत नाही" असं मी म्हटलं नाही. मागच्याच वर्षी मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैत हिंगोलीच्या बाजूला साडेचारचे धक्के बसले, तेव्हा परभणीतही लोक घराबाहेर पळाले होते.

मावशी आत आल्या नाहीत. देवडीतल्या दगडी बैठकीवर बसून राहिल्या. मुलाला त्यांनी हाक मारून सांगितलं, "घेयाचं तर घे, पण आधी पाड. मी हितं निजणार नाही."

ज्या भिंतीत मला गारवा लागतो त्याच भिंतीत त्यांना ती पहाट लागते. माझं बालपण खरं आहे आणि त्यांची पहाटही खरीच आहे. म्हणून घरात शिरताना मी माझी आवड बाजूला ठेवतो. ती खोटी आहे म्हणून नव्हे. घेणारा स्वतःचं आयुष्य सोबत घेऊन आलेला असतो आणि मला त्यातलं काहीही ठाऊक नसतं. मी कौतुक सुरू केलं असतं तर मावशींना तो प्रश्न विचारायला जागा मिळाली नसती.

30 एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

वांगी रंगाच्या हॉलचा बयाणा झाला. खरेदीखत ताईंच्या नावानं करायचं ठरलं. बाईच्या नावे घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, 2021 पासून. हे मात्र न विचारताही सांगतो.

18 मे, रविवार

कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन. 1972 साली आजच्याच दिवशी विद्यापीठ सुरू झालं, आणि त्या निमित्तानं दरवर्षी खरिपाचा शेतकरी मेळावा भरतो. सोयाबीनच्या बियाण्यासाठी लांबलांबून लोक येतात. परभणीत आलोच आहोत तर लेकरांच्या शिक्षणासाठी घरही बघून ठेवू, असा विचार करणारे त्यात पुष्कळ असतात, म्हणून मी आज ऑफिस उघडं ठेवतो.

पालम तालुक्यातलं एक कुटुंब आलं. सोबत बियाण्याच्या पिशव्या. भाच्यानं त्यांना नवा टू-बीएचके दाखवला, अटॅच बाथरूम, पीओपी, सगळं चकाचक. आजोबा म्हणाले, "घरात संडास, अन् त्याच्या भितीला लागून चूल. नको." भाचा हसू दाबत माझ्याकडं बघू लागला. मी त्याला बाहेर नेऊन सांगितलं, पीओपी ही तुझी आवड आहे, त्यांना अंगण लागतं. गावाकडून ज्वारीचं पोतं आलं की उतरवायला जागा लागते, पाहुणे आले की रात्री बाज टाकायला जागा लागते. पाथरी रोडला एक साधं घर आहे, पुढं अंगण, संडास-न्हाणी वेगळी. फरशी जुनी शहाबादी. तिथं नेलं. सूनबाईंना मात्र तो टू-बीएचकेच आवडला होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी आजोबांची बाजू घेतली नाही आणि सूनबाईंचीही नाही. दोन्ही घरांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि चहा मागवला. त्यांचं त्यांनी बोलावं.

27 मे, मंगळवार

मे महिन्यात असा पाऊस पडलेला आठवत नाही. एका रो-हाऊसच्या मालकांचा सकाळीच फोन, "आज पार्टी आणू नका, भिंत सुकू द्या." पार्टी आधीच निघाली होती, आणि ती नसती निघाली तरी मी नेलीच असती.

खिडकीच्या कोपऱ्यातून खाली तिरकी गेलेली भेग आहे तिथं. मालक तिला प्लास्टरची भेग म्हणतात. प्लास्टरची भेग बारीक असते, जाळीसारखी पसरते. तिरकी, पायरी-पायरीनं उतरणारी आणि टोक आत जाईल एवढी रुंद भेग दिसली की पायाची शंका घ्यावी. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात ती हातभर फाटते, पावसात फुगते, आणि मुरुमाचा भराव न टाकता, पुरेसं खोल न जाता पाया घेतला असेल तर घर तिच्याबरोबर वरखाली होतं. मी घेणाऱ्यांना भेग दाखवली, भिंतीवरची ओल दाखवली आणि इंजिनिअरला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका म्हटलं.

गाडीवर भाचा म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगता घरात गेल्यावर तोंड उघडू नको म्हणून." मी असं म्हणालो नव्हतो. आपल्याला काय आवडतं ते बोलू नको, एवढंच म्हणालो होतो. भेग कुणाच्या आवडीची नसते. फेरफारात अडकलेला सात-बारा, एन.ए. न झालेली गुंठेवारी, उन्हाळ्यात कोरडं पडणारं बोअर, नळाला किती दिवसांआड पाणी येतं, हे सगळं विचारायच्या आधी सांगायचं. ज्यावर आयुष्याची पुंजी बुडू शकते तिथं गप्प बसणारा एजंट आणि ज्यावर फक्त मन बसायचं असतं तिथं बडबडणारा एजंट, दोघेही गिऱ्हाइकाचं नुकसानच करतात. महारेरानं 2023 पासून एजंटांना परीक्षा सक्तीची केली ते चांगलं झालं. पण रिसेलच्या जुन्या घरांना रेरा कायदा लागत नाही, आणि परभणीत आमचं अर्धं काम तेच आहे.

8 जून, रविवार

मृग लागला. वाड्याचं बँकेतल्या मुलाशी जमलं नाही, आईनं शेवटी फ्लॅटच धरला. तिघा भावांनी आता व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात टाकायला सांगितलंय. भाच्यानं मसुदा आणला, "ऐतिहासिक, प्रशस्त, निसर्गरम्य गारवा, एकदा बघाल तर प्रेमात पडाल." त्यातला प्रत्येक शब्द माझ्या मनातला होता. सगळे खोडले आणि खाली बसून दुसरा लिहिला:

जुन्या परभणीत माळवदाचं घर विकणे आहे. दगड-मातीचं बांधकाम. ओसरी व सोपा सागवानी खांबांवर, मागच्या दोन खोल्यांचा भार भिंतीवर. भिंतींची जाडी अंदाजे तीन फूट. उत्तरमुखी. आडाला बारमाही पाणी. रस्ता नऊ फुटी, चारचाकी दारापर्यंत येत नाही. पीआर कार्ड तिघांच्या नावे, तिघंही सहीला तयार. मागच्या खोलीत पावसाळ्यात गळतं.

संध्याकाळी दोन फोन आले. एकानं पाडायला किती खर्च येईल ते विचारलं. दुसरा पुण्याहून होता, निवृत्त मास्तर, त्यानं विचारलं की माळवदाला मळ घालणारे गडी अजून मिळतात का. दोघांना उद्याच बोलावलंय, एकाला सकाळी, एकाला दुपारी. गवंड्याचा नंबर दोघांनाही दिलाय.